परदेशातून परतलात? घर विकत घ्यायची घाई नको, आधी एक पावसाळा भाड्याच्या घरात काढा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही अकरा वर्षं बाहेर होतात. सात वर्षं न्यू जर्सीत आणि तीन म्युनिकजवळ काढल्यावर शेवटचं वर्ष चौघं मिळून फिरलात. मे महिन्यात कायमचे पुण्यात आलात. सासू-सासरे कोथरूडला असतात, सध्या त्यांच्याकडेच आहात. मुलगी बारा वर्षांची आहे, मुलगा सात वर्षांचा, आणि त्याचा जन्म अमेरिकेतला. बालेवाडीत एक फ्लॅट पसंत पडलाय, बिल्डर टोकनसाठी मागे लागलाय. सामानाचा कंटेनर न्हावा शेवाच्या वाटेवर आहे. आणि शेवटी लिहिलंय ते सगळ्यात महत्त्वाचं : "इथे येऊन दोन महिने झाले तरी आपल्या गावी आल्यासारखं वाटत नाही, मुलगी खोलीतून बाहेर येत नाही, सुरुवात कुठून करू?"

परदेशातून परतणाऱ्या कुटुंबांना घर, शाळा आणि कागदपत्रं यांत मदत करणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. त्या अनुभवावरून सांगते : टोकन देऊ नका. निदान वर्षभर तरी नाही. फ्लॅट वाईट आहे म्हणून नव्हे. तो घेताना तुम्ही ज्या पुण्याचा विचार करताय ते अकरा वर्षांपूर्वीचं आहे, आणि ज्या दिनक्रमाचा विचार करताय तो अजून सुरूच झालेला नाही. शाळा कुठली, नवऱ्याचं ऑफिस आठवड्यातून किती दिवस, तुम्ही नोकरी करणार की नाही, सासू-सासऱ्यांना रोज भेटायचंय की रविवारी, यातलं काहीच ठरलेलं नसताना घर ठरवलं की पुढची सगळी वर्षं त्या घराच्या सोयीने जगावं लागतं. खरं तर घराने आपल्या सोयीने असायला हवं.

म्हणून वर्षभर भाड्याने राहा, आणि सासरच्या घरापासून पायी दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरात राहा. एकाच घरात नको, फार लांबही नको. बालेवाडी ते कोथरूड नकाशावर जवळ दिसतं. चांदणी चौकातला नवा उड्डाणपूल ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून तिथली कोंडी बरीच सुटली हेही खरं. पण संध्याकाळी सातला सासऱ्यांना अचानक चक्कर आली आणि तुम्ही बालेवाडीत असलात, तर ते अंतर किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. शिवाय आजी-आजोबांकडे मुलांना एकटं चालत जाता येणं हा फार मोठा फायदा आहे. आईबाबांनी सोडल्याशिवाय स्वतःहून जाता येईल अशी एखादी जागा मुलांना मिळाली, की ते शहर त्यांचं व्हायला लागतं.

कोथरूडमध्ये घर बघताना एक गोष्ट नक्की विचारा. तिथल्या जुन्या सोसायट्यांमध्ये सध्या पुनर्विकासाची लाट आहे. सोसायटीने बिल्डरशी करार केलाय का, सह्या कुठवर आल्यात, हे सेक्रेटरीला थेट विचारा. मालक सांगेलच असं नाही. नाहीतर घर लावून होतंय तोवर खाली करायची नोटीस येते. तुमच्या मुलीने एका वर्षात इतक्या खोल्या बदलल्यात की तिच्यावर आणखी एक हलवाहलव आणू नका. शेजारच्या प्लॉटवर खोदकाम चालू नाही ना, हेही बघा. दोन वर्षं धूळ आणि ब्रेकरचा आवाज सहन होत नाही, शांत गावातून आलेल्यांना तर नाहीच.

आता पावसाळ्याबद्दल. तुम्ही जुलैत घर शोधताय हे उत्तमच. पुण्यातलं घर खरं कसं आहे ते जुलै-ऑगस्टमध्येच कळतं. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, त्यामुळे पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंती आतून हाताने चाचपून बघा. कपाटाचं दार उघडून आत डोकं घाला आणि वास घ्या. खिडकीच्या खालच्या कडेला रंगाचे पोपडे दिसतायत का, शेवटच्या मजल्यावर छताच्या कोपऱ्यात पिवळट नकाशे उमटलेत का, तेही पाहा. ऐन पावसाळ्यात एकाच भिंतीला ताजा रंग दिलेला दिसला तर तो का दिला हे विचारा. दिवाळीनंतर घर बघणाऱ्यांना यातलं काही दिसत नाही. भिंती वाळलेल्या असतात आणि रंग होऊन गेलेला असतो.

पाण्याची चौकशी वॉचमनकडे करा, एजंटकडे नको. "मार्च-एप्रिलमध्ये रोज किती टँकर येतात?" एवढं विचारलं की पुरे. खडकवासल्याचं महापालिकेचं पाणी मऊ असतं. बोअरचं किंवा टँकरचं पाणी बहुधा जड असतं, आणि नळाच्या तोंडाशी, शॉवरच्या भोकांत पांढरा थर दिसतो तो त्याचाच. हा थर दिसला की गीझर, वॉशिंग मशीन आणि केस या तिन्हींवर परिणाम होणार हे समजून चला. क्षार मोजायचं छोटं मीटर काहीशे रुपयांत मिळतं, ते जवळ ठेवा. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतात. त्याहून कमी असतील तर आरओची गरज नाही, साधं यूव्हीचं मशीन किंवा उकळून गाळलेलं पाणी पुरतं. परतलेली बहुतेक कुटुंबं पहिल्याच आठवड्यात सगळ्यात महागडा आरओ बसवून घेतात आणि मऊ पाणी आणखी मऊ करत निम्मं पाणी मोरीत सोडत बसतात. मुलांना मात्र पहिले काही महिने उकळलेलंच पाणी द्या, शाळेतही बाटली घरची न्या. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुइयां-बारे या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली होती, तेव्हा दूषित पाण्यावरच बोट ठेवलं गेलं होतं.

भाडेकरार नोंदणीकृतच करा. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदवलेला असणं सक्तीचं आहे, मग तो अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा. नोंदणीची जबाबदारी मालकावर असते. करार नोंदवलेला नसेल तर वादाच्या वेळी अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं आधी धरलं जातं, ते खोडून काढायचं काम मालकाचं. एवढं सांगितलं की नोटरीवर भागवू पाहणारे मालकही तयार होतात. एजंट मशीन घेऊन घरी येतो, अंगठे आणि फोटो घेतो, कार्यालयात जावं लागत नाही. तुम्हाला या कागदाची मालकापेक्षा जास्त गरज आहे, कारण आधारवरचा पत्ता, बँक, गॅस, शाळा, सगळीकडे हाच कागद चालतो. अकरा महिन्यांऐवजी बावीस किंवा तेहतीस महिन्यांचा करार मागा, आणि त्यात तुम्हाला एका महिन्याच्या नोटिशीवर बाहेर पडता येईल अशी अट घाला.

वर्षभरानंतरही बालेवाडीचंच घर आवडलं तर खुशाल घ्या. मात्र तेव्हा महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहबांधणी नियामकाच्या, संकेतस्थळावर प्रकल्प स्वतः उघडून बघा. तयार इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायची अधिकृत परवानगी, हातात घेऊन वाचा, "येतंय, अर्ज केलाय" यावर पैसे देऊ नका. जुना फ्लॅट असेल तर सूची दोन, म्हणजे आधीच्या व्यवहाराच्या नोंदणीचा उतारा, आणि सोसायटीचं ना-हरकत पत्र बघा. किंमत पन्नास लाख किंवा त्याहून जास्त असेल तर विकणाऱ्याच्या पैशातून एक टक्का कर कापून भरायची जबाबदारी तुमची. विकणारा अनिवासी असेल तर ही कपात कितीतरी जास्त होते आणि चुकली तर खात्याची नोटीस तुम्हालाच येते. यासाठी सीए आधी गाठायचा, सही झाल्यावर नाही. आणि मुळशीकडे फार्महाउसचा प्लॉट दाखवायला कुणी नेलं तर एवढं लक्षात असू द्या : महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं, आणि परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर तर शेतजमीन घेताच येत नाही.

आता कंटेनर. सामान मागवलंच आहे तर त्यात काय आहे त्याची यादी आत्ता पुन्हा वाचा, कारण भाड्याचं घर त्या यादीवरून शोधायचं नाही. मी बघितलंय, लोक सोफ्याच्या मापाने घर घेतात. अमेरिकी सोफा कोथरूडच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये जात नाही आणि जिन्याच्या वळणावर अडकतो. अमेरिकी किंग पलंग ७६ बाय ८० इंचांचा, आपला ७२ बाय ७८, म्हणजे इथल्या चादरी त्याला पुरत नाहीत. पलंग मोठा आणि खोली लहान झाली की कपाटाचं दार अर्धंच उघडतं, आणि ते रोज दिवसातून दहा वेळा टोचतं.

विजेच्या वस्तूंत अमेरिकी आणि जर्मन असे दोन ढीग करा. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. जर्मनीतही तेच. त्यामुळे जर्मन वॉशिंग मशीन, ओव्हन, मिक्सर इथे छान चालतील. फक्त प्लग बदलून घ्या, आणि तोही नीट. जर्मन गोल प्लगचं अर्थिंग बाजूच्या पत्र्याच्या पट्ट्यांतून होतं. तो आपल्या सॉकेटमध्ये घुसतो, मशीन सुरूही होतं, पण अर्थिंग कुठेच जोडलेलं नसतं. ओल्या हाताने मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात त्या यामुळे. इलेक्ट्रिशियनला बोलावून १६ अँपिअरचा आपला तीन पिनांचा प्लग लावून घ्या, हे पहिल्या दिवशीच.

अमेरिकी ढिगातल्या वस्तू १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झच्या. ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट बदलतात, हर्ट्झ बदलत नाहीत. मोटार साधारण एक षष्ठांशाने हळू चालते आणि तापते, विजेच्या वारंवारतेवर चालणारं घड्याळ तासाला दहा मिनिटं मागे पडतं. लॅपटॉप, फोन आणि कॅमेऱ्याच्या चार्जरवर १००-२४० लिहिलेलं असेल तर त्यांना काही होत नाही. बाकी फ्रिज, मिक्सर, मायक्रोवेव्ह यांचा मोह सोडा. मिक्सर तर इथलाच घ्या. ओलं खोबरं आणि आलं-लसूण वाटायला तो केलेलाच असतो.

फर्निचरबद्दल एक बारीक गोष्ट, जी येण्याआधी कुणी सांगत नाही. आपल्याकडे फरशी रोज ओल्या फडक्याने पुसतात. भुसा दाबून केलेल्या फळ्यांची कपाटं थेट जमिनीवर टेकलेली असतात. वर्षभर रोज खालून पाणी लागलं की कड फुगते, वरचा कागद सुटतो आणि दार अडकायला लागतं. असं फर्निचर आणलं असेल तर चार इंची प्लास्टिकचे किंवा स्टीलचे पाय लावून ते उचलून घ्या. चामड्याच्या वस्तू, पुस्तकं, लोकरीचे कोट पावसाळ्यात बंद खोक्यात ठेवू नका. जुलैत न्हावा शेवाला उतरलेलं खोकं ऑक्टोबरपर्यंत तसंच राहिलं तर आत हिरवी बुरशी धरते. घर छोटं असेल तर निम्मी खोकी उघडून, वस्तू वाऱ्यावर ठेवून, मगच पुन्हा भरा.

कस्टम्ससाठी चांगला क्लिअरिंग एजंट आधीच ठरवा. राहण्याची जागा बदलून येणाऱ्यांना मिळणारी सवलत बाहेर किती काळ राहिलात आणि मधे भारतात किती दिवस येऊन गेलात यावर ठरते. माणूस आणि सामान यांच्या येण्यात किती अंतर चालेल यालाही नियम आहे. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून आजचा नियम एजंटकडून लेखी घ्या. जुने पासपोर्ट, त्यावरचे शिक्के आणि सामानाची सही केलेली यादी मूळ स्वरूपात लागते. तुम्ही वर्षभर फिरत होता, त्यामुळे शिक्के भरपूर असतील. तारखांचा एक तक्ता करून ठेवा. तोच तक्ता आयकरालाही उपयोगी पडणार आहे.

पैशांचं लवकर उरकून टाका, कारण इथे तारखांना किंमत असते. कायमचं राहायच्या इराद्याने तुम्ही उतरलात त्या दिवसापासून परकीय चलनाच्या कायद्यानुसार, म्हणजे फेमानुसार, तुम्ही निवासी झालात. त्यासाठी १८२ दिवस मोजत बसायचं नसतं. एनआरई आणि एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांची, खाती निवासी करून घ्यायला बँकेला लगेच कळवायचं असतं. 'कुणी विचारलं तर बघू' म्हणून एनआरई तसंच चालू ठेवलेले कितीतरी लोक भेटतात, आणि त्यावरचं व्याज करमुक्त धरून विवरणपत्रही भरतात. तसं करू नका. एफसीएनआरची, म्हणजे अनिवासींची परकीय चलनातली, ठेव मुदत संपेपर्यंत राहू शकते. परकीय चलन परकीय चलनातच ठेवायचं असेल तर आरएफसी खातं उघडता येतं. बाहेर असताना मिळवलेली तिकडची मालमत्ता आणि गुंतवणूक तशीच बाळगायलाही कायद्याची मुभा आहे.

आयकराचं गणित वेगळं. तिथे दिवसच मोजतात. आधीच्या दहांपैकी नऊ वर्षं तुम्ही अनिवासी असाल, किंवा आधीच्या सात वर्षांत भारतात ७२९ दिवसांहून जास्त राहिला नसाल, तर तुम्ही 'निवासी पण सामान्यतः निवासी नाही' या गटात येता. सगळे त्याला आरएनओआर म्हणतात. या काळात बाहेरच्या उत्पन्नावर इथे सहसा कर लागत नाही. अकरा वर्षं बाहेर राहिलेल्यांना हा गट साधारण दोन आर्थिक वर्षं मिळतो, दिवस जुळले तर तिसरंही. अमेरिकेतलं निवृत्तिखातं, शेअर्स, जर्मनीतली बचत यांचं काय करायचं ते याच खिडकीत ठरवा. ती बंद झाल्यावर बाहेरची प्रत्येक मालमत्ता विवरणपत्रात दाखवावी लागते. न दाखवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाखांचा दंड होऊ शकतो, पैसा अगदी पांढरा असला तरी. जर्मनीतून निघताना नोंदणी रद्द केल्याचा कागद, आब्मेल्डुंग, आणि तिथला पेन्शन विमा क्रमांक जपून ठेवा. २०१७ पासून भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार लागू आहे, त्यामुळे तिथे भरलेल्या वर्गणीच्या काळाचा हिशेब पुढे कामी येऊ शकतो.

आरोग्य विमा याच महिन्यात घ्या. तिकडचा विमा इथे धरत नाहीत, सगळं पहिल्यापासून सुरू होतं. आधीपासून असलेल्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. हे घड्याळ पॉलिसी घेतल्याच्या दिवसापासून चालू होतं, म्हणून नोकरीतला विमा असला तरी स्वतःची वेगळी पॉलिसी हवी. मुलांचं लसीकरणाचं पुस्तक घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा. टायफॉइडची लस अमेरिकेत आणि जर्मनीत नेहमीच्या लसींमध्ये देत नाहीत, इथे ती हवीच. गाडी चालवायचा भारतीय परवाना संपून वर्ष उलटलं असेल तर पुन्हा चाचणी द्यावी लागेल. द्या, गुपचूप जुन्या परवान्यावर चालवू नका, अपघातात विमा कंपनी पहिल्यांदा तेच बघते.

आता मुलीबद्दल. इतका वेळ मी घर, प्लग आणि बँक यांवर लिहिलं, कारण ते सुटलं की घरातले मोठे मोकळे होतात, आणि तिला त्याच मोकळ्या मोठ्यांची गरज आहे.

तिने वर्षभरात काय काय गमावलं ते मोजून बघा. म्युनिकची शाळा आणि मैत्रिणी तर गेल्याच, पण ते तुम्हाला दिसतंय. न दिसणारं नुकसान वेगळं आहे. प्रवासात तिला आईबाबा चोवीस तास मिळत होते. कुठे जायचं, काय खायचं, कुठली ट्रेन पकडायची, यात तिचं मत विचारलं जात होतं. पुण्यात उतरल्यावर बाबा रात्री आठला घरी येतात, आई कागदपत्रांत बुडालेली असते, आणि तिचं मत कुणी विचारत नाही. उलट आल्यागेल्याने "मराठी येतं का गं तुला?" म्हणून परीक्षा घ्यायची. खोलीत जाऊन दार लावणं हे यावरचं अगदी शहाणं उत्तर आहे. तिला हट्टी ठरवू नका.

अशा मुलांसाठी जगभर वापरली जाणारी 'थर्ड कल्चर किड' ही कल्पना भारतातच सुचलेली आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रूथ हिल उसीम आणि त्यांचे पती १९५० च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकी कुटुंबांचा अभ्यास करत होते, त्यातून ती आली. आईबापांचा देश एक, राहण्याचा देश दुसरा, आणि या मुलांचं जग दोन्हींच्या मधलं तिसरं. तुमच्या मुलीसाठी पुणं हे 'परत येणं' नाहीच. ती वर्षाची असताना इथून गेली. तुम्ही परत आलात, ती नव्या देशात आली आहे. "आपल्या घरी आलो" हे वाक्य तिच्यासमोर काही दिवस वापरू नका.

करण्यासारखं बरंच आहे. भाड्याच्या घरात तिची खोली आधी लावा, हॉल नंतर. कोणती भिंत, कोणता रंग, पलंग कुठल्या बाजूला, हे तिने ठरवायचं. म्युनिकच्या मैत्रिणींशी बोलण्याची वेळ ठरवून द्या. उन्हाळ्यात आपण त्यांच्या साडेतीन तास पुढे असतो, ऑक्टोबरअखेर घड्याळं मागे गेली की साडेचार. त्यांच्या दुपारी चारला आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात, तेव्हा जेवणाची वेळ जरा पुढे ढकला. आणि प्रवासात होतं तसं आठवड्यातून एक संध्याकाळ चौघांनी बाहेर पडायचं, कुठे ते तिने ठरवायचं. वनाझहून मेट्रोत बसून रामवाडीला जाऊन परत आलात तरी चालेल.

शाळा निवडताना 'इंटरनॅशनल' या पाटीपेक्षा घरापासूनचं अंतर बघा. पाऊण-एक तास बसमध्ये घालवून आलेल्या मुलाला शाळेतल्या मित्रांच्या गल्लीत खेळायला जाता येत नाही, आणि मैत्री गल्लीतच होते. सीबीएसईच्या शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, त्यामुळे तिथला बराच भाग शिकवून झालेला असेल. राज्य मंडळाच्या जूनमध्ये उघडतात. २०२० च्या कायद्यानुसार महाराष्ट्रातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीचं आहे, तेव्हा मराठी टाळायची वाट शोधत बसू नका. ती बोलते पण वाचत नाही असं लिहिलंय. मग सुरुवात बालभारतीच्या सातवीच्या पुस्तकाने नको. रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या वाचत आजोबांबरोबर भाजी आणायला जाणं, हे पहिल्या दोन महिन्यांचं मराठी. मुख्याध्यापकांना मात्र तिची भाषेची स्थिती प्रवेशाच्या वेळीच सांगा, लपवू नका. बऱ्याच शाळा पहिलं वर्ष सांभाळून घेतात, पण आधी सांगितलं असेल तर.

आणि तुम्ही. तुमच्या पत्रात स्वतःबद्दल एकच ओळ आहे, ती पुन्हा वाचली : म्युनिकला भांडी नवरा घासत होता, स्वयंपाक वाटून होता. इथे आल्यावर सासूबाईंच्या स्वयंपाकघरात तो आपोआप पाहुणा झाला आणि तुम्ही आपोआप सूनबाई. यात कुणी वाईट नसतं, जुनी सवय परत येते इतकंच. पण महिना-दोन महिन्यांत ती पक्की होते, मग मोडायला भांडण करावं लागतं. म्हणून वेगळ्या घरात गेल्यावर पहिल्या आठवड्यापासून ठरवा : दोन दिवस स्वयंपाक त्याचा, आणि त्यातला एक दिवस सासू-सासरे जेवायला असतानाचा. सासूबाईंना थोडं टोचेल, पण सवय होईल. धुण्याभांड्याला मावशी ठेवा, वेळ आणि पगार पहिल्या दिवशी स्पष्ट बोला, आणि त्यांच्याशी बोलायची जबाबदारीही तुमच्या एकटीवर ठेवू नका.

मन लागत नाही याची लाज वाटून घेऊ नका. जॉन आणि जीन गुलाहॉर्न या अमेरिकी अभ्यासकांनी १९६३ मध्ये मांडलं होतं की परदेशात जाताना मनाची जशी घसरण होते तशीच परतल्यावर आणखी एकदा होते. आलेख काढला तर इंग्रजी डब्ल्यूसारखा दिसतो. दुसरी घसरण लोकांना जास्त लागते, कारण तिची तयारी कुणीच केलेली नसते. मी पाहिलेल्या घरांत ती साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात खोल होते. पाहुण्यांच्या फेऱ्या संपलेल्या असतात, खोकी उघडलेली असतात, आणि "आता कायमचे आलात ना?" या प्रश्नाला उत्तर देऊन कंटाळा आलेला असतो. तेव्हा 'परतच जाऊ या' असं मनात आलं तर नोंद करून ठेवा, पण त्या महिन्यात तिकिटं काढू नका आणि फ्लॅटही घेऊ नका. एखादा पावसाळा, गणपती, दिवाळी आणि शाळेची एक परीक्षा होऊ द्या. झोप उडाली, जेवण तुटलं, किंवा मुलीने अगदीच बोलणं सोडलं, तर मात्र वाट न बघता समुपदेशकाकडे जा.

राहिला धाकटा. सात वर्षांच्या मुलाला बहुधा खाली खेळायला गट मिळाला की झालं, म्हणून घर बघायला जाल तेव्हा संध्याकाळी सहाला जा आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये मुलं खेळतायत का ते पाहा. त्याचे कागद मात्र वेगळे चालतील. तो अमेरिकी नागरिक आहे, त्याचं ओसीआय कार्ड असेल असं धरते. आधारसाठी त्याचे मागच्या बारा महिन्यांतले भारतातले १८२ दिवस भरावे लागतील. मुलीच्या हाती भारतीय पासपोर्ट आहे, तिचं आधार आत्ताच काढता येतं. दर वेळी त्याचा नवा अमेरिकी पासपोर्ट झाला की ओसीआयच्या संकेतस्थळावर तो चढवायला विसरू नका. आणि कार्ड कोणत्या तारखेचं आहे ते आज बघा. ४ मार्च २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेनंतर ओसीआय मुलांना वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षांत फक्त अनिवासी भारतीयांच्या जागा मिळतात. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये हा नियम त्या तारखेनंतर कार्ड मिळालेल्यांनाच लागू होईल असं म्हटलं. त्याचं कार्ड त्याआधीचं असेल तर मूळ कार्ड आणि पहिल्या नोंदणीचा पुरावा दहा-अकरा वर्षं सांभाळायचा आहे. त्यानंतरचं असेल तर त्याच्या शिक्षणासाठी वेगळी रक्कम धरून, मगच बालेवाडीच्या फ्लॅटचा हप्ता किती झेपेल ते काढा.